करकोच्याची बोळवण

माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं. जमिनीच्या वाटणीत नाही, लग्नाच्या देण्याघेण्यात नाही, एका पाखरापायी. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी हसण्यावारी नेली. पाखरासाठी कुणी भावाशी बोलणं टाकतं का, म्हणाले. मी टाकलं. माझं टाळकं तापटच आहे, लहानपणापासून. पण नुसता तापटपणाच असता तर एवढ्या वर्षांत उतरला असता की नाही?

आमचं गाव राजेश्वरपासून दीड कोसावर, हुमनाबादच्या अंगाला, सडकेपासून आत. मी पाच वर्षांची असताना आई-बाप एकाच पावसाळ्यात तापानं गेले. मला वाढवलं अण्णानं. तो माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. वैनी घरात येईपर्यंत माझी वेणीसुद्धा तोच घालायचा. वाकडी घालायचा, पण न चुकता घालायचा, आणि कुणी पोरगं त्या वेणीला हसलं की धोंडा घेऊन त्याच्या मागं धावायचा. म्हणून अण्णा सांगेल ते खरं आणि अण्णा करील ते माझ्या भल्याचं, एवढंच मला माहीत होतं. ते कधी पारखून बघायची वेळ आली नव्हती.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं उलटली होती. त्या धामधुमीत सरकारनं गावोगावच्या बंदुका जमा करून घेतल्या, त्यात आमच्या बापाची ठासणीची बंदूकही गेली. तिच्या धाकानं रानडुकरं शिवारात शिरत नसत. बंदूक गेली आणि डुकरांना जणू कुणी आवतण धाडलं. दोन हंगाम उभा जोंधळा त्यांनी आडवा केला. अण्णा परवान्यासाठी बीदरला हेलपाटे घालत होता. आज साहेब दौऱ्यावर, उद्या शिक्का मारणारा रजेवर. येताना त्याचं तोंड बघवत नसे. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल, बाई एकतर्फी बोलतेय.

त्या पौषात मी हरभऱ्याच्या राखणीला जात होते. वय अठरा. आमच्याकडं थंडीत करकोचे येतात. राखाडी अंगाचे, काळ्या मानेचे, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका असलेले, माणसाच्या कमरेला लागतील एवढे उंच पक्षी. उत्तरेकडून यायचे आणि शिमगा झाला की उत्तरेकडंच जायचे. पाचपन्नास एकदम उतरले की हरभऱ्याचा तुकडा साफ. त्यांना उठवायला गोफण. आणि गोफणीत माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, गडीमाणसंसुद्धा. त्याची मला भारी घमेंड.

उठवायचं असेल तर दगड थव्याच्या अलीकडं टाकायचा असतो. आवाजानं उठतात, काम भागतं. त्या सकाळी वैनीवर कशावरून तरी चिडून मी घरातून निघाले होते, आणि राग दगडात गेला. मी नेम धरून मारला. थवा उठला, एक उठलं नाही. एक पंख जमिनीवर ओढत ते सरीतून पळायला लागलं.

मी पुढं झाले, धरायला. तेवढ्यात वरचा थवा मागं फिरला. माझ्या डोक्यावर एवढ्या खाली आले की पंखांचा वारा लागला. ते वरून हाका मारत होते आणि हे खालून ओ देत होतं. कितीतरी वेळ गेलेच नाहीत. मी बांधावर बसले, गोफण मांडीत, आणि मला लाज वाटली. आपलं एक माणूस मागं राहिलंय म्हणून ते घिरट्या घालत होते, आणि त्याला मागं पाडणारी मी तिथंच बसले होते. शेवटी ऊन वर आल्यावर ते निघून गेले. मी ओढणी... नव्हे, ओढणी कुठली आमच्यात, मी डोक्यावरचं फडकं त्याच्या डोळ्यांवर टाकलं, उचललं, आणि तिथंच त्याला सांगितलं, शिमग्याच्या आत तुला यांच्यात सोडते. सोडलं नाही तर बोल.

गावात हाड बसवणारा एकच, चाचा. माणसाचं, बैलाचं, शेळीचं, कुणाचंही बसवायचा. पोलीस अ‍ॅक्शनच्या त्या आठवड्यात त्याच्या घरादाराचं जे झालं ते झालं. त्याची पोरं हैदराबादला निघून गेली, तो एकटाच राहिला, आणि ज्यांनी त्याच्या दारात आग टाकली त्यांचीही हाडं बसवत राहिला. त्यानं पाखराचा पंख बोटांनी चाचपला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "कैकू मारी, बेटी?"

मी म्हटलं, "चुकलं चाचा."

"हड्डी जमती," तो म्हणाला. "उड़ना नै उड़ना, अल्ला के हाथ."

उडदाचं पीठ अंड्याच्या पांढऱ्यात कालवून त्यानं चिंधीला लावलं, बांबूच्या बारीक कामट्या दोन्ही बाजूंनी धरल्या, आणि पंख मिटवून अंगालाच बांधून टाकला. एकवीस दिवस सोडायचा नाही म्हणाला. पहिले दोन दिवस पाखरानं काही खाल्लं नाही. मी चोच उघडून भिजवलेला हरभरा एकेक दाणा आत ढकलला. तिनं, म्हणजे त्यानं, माझी बोटं फोडून काढली. नर का मादी मला काय कळणार, पण मनात मी त्याला लेकच धरलं होतं, म्हणून तोंडात कधी ते यायचं, कधी ती.

अण्णा पहिल्यांदा भडकला. "डुकरं शेत खायलेत आन् तू पाखरं पोसायलीस? कालवण कर त्याचं." मी म्हटलं, आधी माझं कर. तो पुटपुटत निघून गेला.

मग माघ लागता लागता तो पुन्हा बीदरला गेला आणि दोन दिवसांनी परतला तो वेगळाच माणूस. बैलं सोडायच्या आधी माझ्याकडं आला. "पंख कसा हाय गं?" मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं धोतराच्या सोग्यात नाकतोडे धरून आणले. तिसऱ्या दिवशी तुराट्यांचा कूड घालून अंगणात पाखराला चांगली ऐसपैस जागा करून दिली. मी वैनीला म्हटलं, बघा, माझ्या भावाचं काळीज कसं मऊ हाय. वैनी भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा भाकरीकडं बघायला लागली. मला वाटलं, जळायली.

एकवीस दिवसांनी चाचानं बंधन कापलं. पंख आखडला होता. रोज सकाळी मी तो हळूहळू उलगडायची, मिटवायची, पुन्हा उलगडायची, मग अंगणातून त्याच्या पुढं पुढं पळायची आणि ते माझ्या मागं पळायचं, पंख पसरून. गल्लीतली पोरंटोरं, म्हातारी, सगळी बघायला यायची. हसू देत. पंधरा दिवसांत ते कुडावर चढायला लागलं. माझी चाहूल लागली की मान उंच करून ओरडायचं. आतून एवढा मोठा आवाज निघायचा की म्हशी बिचकायच्या.

आणि एक दिवस अण्णा म्हणाला, "असं घरात ऱ्हायलं तर ते आपलं गोत इसरंल. मग सोडून काय उपेग? रोज दुपारी तळ्यावर नेऊन बांधू. आपल्यावाल्यांचा आवाज ऐकू दे."

मला ते एवढं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं अण्णाला.

आमच्या गावाच्या वर तळं आहे. सकाळी शिवारात चरलेले करकोचे दुपारच्या उन्हाला तिथं पाण्यावर उतरायचे. अण्णानं काठावर खुंटी ठोकली. मऊ सुताची दोरी मी वळली, पायाला काचू नये म्हणून. पहिल्या दिवशी थवा पार पलीकडच्या काठाला उतरला. माझ्या पाखरानं मान ताणून हाक मारली, पलीकडून ओ आली. मी अण्णाचा हात धरला होता, मला आठवतंय. दोन दिवसांनी थवा तळ्याच्या मध्यापर्यंत आला. मग आणखी अलीकडं. "बग," अण्णा म्हणाला, "वळखायलेत तिला."

आम्हाला बघून बुजू नयेत म्हणून अण्णा म्हणाला, कडब्याच्या पेंढ्यांची खोप करू, आत बसून बघू. जोंधळ्याची काढणी झालीच होती. मी डोक्यावरून पेंढ्या वाहिल्या. एक खोप झाली, तर म्हणाला आणखी एक करू, तिकडं, बाभळीच्या पल्याड. "एकच दिसली तर संशय येतो त्यान्ला. दोन असल्या की रानातलाच कडबा वाटतो." मी दुसरीच्याही पेंढ्या वाहिल्या. माझ्या मानेला आठ दिवस वळ होते त्या ओझ्याचे.

त्याच सुमाराला चाचा पंख बघायला आला. मी हौसेनं सगळं सांगितलं, तळं, खुंटी, खोपी. त्याचे हात थांबले.

"पानीपे बांधतें? कौन बोले?"

"अण्णा म्हणाला."

त्यानं पंख अलगद मिटवला. मग म्हणाला, "बेटी, पानीपे परिंदा शिकारी लोगां बांधतें."

माझं डोकंच फिरलं. माझ्या भावावर संशय घेतो हा म्हातारा? मी त्याला नको ते बोलले. म्हटलं, तुमचं घर जळलं म्हणून सगळं गावच वाईट दिसतंय तुम्हाला. असं बोलले मी. त्या माणसानं माझ्या पाखराचं हाड बसवलं होतं, एक पैसा न घेता. तो काठी घेऊन उठला आणि गेला. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

फाल्गुनात पाखरू उडायला लागलं. दोरी लांब सोडली की तळ्यावर चक्कर मारून खुंटीशी परत उतरायचं. शिमगा आठ दिवसांवर आला. थवे एक होत होते, पन्नासाचे शंभर, शंभराचे दीडशे. मी अण्णाच्या मागं लागले, आता सोडायचं. तो म्हणाला, "सोडू की. पर अशी कुटं लेक पाठवतेत? दिस बघून पाठवू. परवा शुक्रवार हाय."

तेव्हा मी जे केलं ते आठवलं की आजही जिवाचा संताप होतो. मी त्या पाखराची बोळवण केली. लेक सासरी निघताना करतात तशी, सगळी. शुक्रवारी सकाळी त्याला अंघोळ घातली, म्हणजे पाणी शिंपडलं. कपाळाला कुंकू लावलं, ते त्यानं झटकून टाकलं. दहीभात पुढं ठेवला. वैनीला म्हटलं, तुम्हीही या, कुंकू लावा. वैनी चुलीपुढून हललीच नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणाली, धूर झालाय. मी माझं हिरवं लुगडं नेसले. त्याला काखेत घेऊन गावातून निघाले तर बाया दारात येऊन बघायला लागल्या. एकीनं तर खरंच म्हटलं, सुखानं नांद गं बाई.

तळ्यावर अण्णानं मला नीट समजावून सांगितलं. पाखरू खुंटीला बांधायचं, पण पायातली गाठ सुरगाठ. दोरीचं दुसरं टोक घेऊन मी खोपीत बसायचं. तो मधे बाभळीआड बसणार. सगळा थवा उतरला, तिच्याभोवती जमला, की तो हात वर करील. "मी हात वर केला की तू वढ. गाठ सुटंल, आन् ती त्यांच्यात जाईल. घाई करू नकोस. सगळे उतरू दे." मी तीनदा विचारून घेतलं. हात वर केला की ओढायचं.

मी बसले. कडब्याच्या फटीतून माझं पाखरू दिसत होतं, पाण्याच्या कडेला, एका पायावर. मग वरून तो आवाज आला. थवा तळ्यावर फिरायला लागला. माझ्या पाखरानं मान आभाळाकडं केली आणि अशी हाक मारली, अशी मारली, की मला वाटलं, आता हिला माझी गरज नाही. बरं वाटलं आणि रडूही आलं. ते उतरायला लागले. आधी दहा, मग तीस, मग मोजता येईनात. पार तिच्याजवळ. एक तर तिच्या मानेशी मान लावून उभं राहिलं. मी दोरीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि अण्णाकडं बघत राहिले.

अण्णानं हात वर केला.

मी ओढली. गाठ सुटली, आणि त्याच क्षणी बाभळीपलीकडच्या खोपीतून बंदुका उडाल्या. दोन बार, मग आणखी दोन. मला काही समजलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आभाळ कडाडलं. मग काठावरची पाखरं खाली पडलेली दिसली, काही पाण्यात फडफडत होती, आणि पलीकडच्या खोपीतून, मी डोक्यावरून पेंढ्या वाहिलेल्या खोपीतून, टोपी घातलेला एक माणूस हसत बाहेर आला.

तो हात माझ्यासाठी नव्हता.

माझं पाखरू सुटलं होतं. ते उठलं, थव्याच्या मागं गेलं. निदान हे तरी गेलं, असं मी म्हणते आहे तोच, आता हे मी डोळ्यांनी बघितलं ते सांगते, विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. ते थव्याच्या जवळ पोचलं आणि थवा फाटला. त्याच्यापासून दोन्हीकडं लांब झाला. ते पुन्हा ओरडत जवळ गेलं. ते पुन्हा सरकले, आणि उंच गेले. खाली एका जखमी पाखरासाठी पौषात घिरट्या घालणारे तेच करकोचे. दोनतीनदा असं झालं. मग माझं पाखरू एकटंच वळलं, खाली आलं, आणि आपल्या खुंटीजवळ उभं राहिलं. बाजूला मेलेली पाखरं पडली होती. ते माझ्याकडं बघून ओरडलं, सकाळी दाण्यासाठी ओरडायचं तसं.

तो जिल्ह्याचा कुणी साहेब होता. नाव मला कधी कळलं नाही. जीप तळ्याच्या बांधामागं लावली होती. माणूस वाईट नव्हता, हे जास्तच लागतं. तो माझ्याकडं येऊन हात जोडून म्हणाला, "आपने तो कमाल कर दिया, बहनजी. आपके भाई कह रहे थे, दो महीने से आप इसे हमारे लिए सिखा रही हैं।"

मी अण्णाकडं बघितलं. तो खाली बघत होता.

साहेबाचा शिपाई पाण्यातून पाखरं गोळा करत होता. एकाचा पंख मोडला होता. तेच हाड, त्याच जागी. मी म्हटलं, ते द्या, ते बसतं, एकवीस दिवसांत बसतं. त्यानं मान मुरगळली आणि ढिगात टाकलं. त्याला मी काय बोलले ते ऐकूही आलं नसेल.

घरी येताना मी पुढं आणि अण्णा मागं. पाखरू माझ्या काखेत. वेशीपाशी मी थांबले.

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"डुकरं दोन साल झालं जोंधळा खायलेत," तो म्हणाला. "माघात बीदरला गेलो तवा साहेब म्हणला, तुमच्याकडं करकोचे लई असतेत म्हणं. मी म्हणलो, हायेत की. आता परवाना व्हतोय. खायचं काय आपण, पाखरं?"

"ते न्हाई इचारलं मी. मला कामून सांगितलं न्हाईस?"

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सांगितलं असतं तर तू केलं असतंस का?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. मारलं असतं, कोंडलं असतं, पाखरू हिसकावून घेतलं असतं, तरी मी भांडले असते आणि मिटलं असतं. पण त्यानं माझीच माया वापरली. माझ्याच हातानं दोरी वळून घेतली, माझ्याच डोक्यावरून कडबा वाहून घेतला. नाकतोडे आणले सोग्यातून. आणि मी त्याला आशीर्वाद देत होते.

घरी दोन करकोचे आले, साहेबाकडून. वैनीला शिजवावे लागले. पातेलं ढवळता ढवळता ती मला म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. तुला बोलायचं न्हाई म्हणून ताकीद व्हती. मारलं असतं मला." मी तिच्यावर चिडू शकले नाही. त्या घरात मी चार दिवस जेवले नाही, पाचव्या दिवशी जेवले. पोट आहे.

मग मी चाचाकडं गेले. पायांवर डोकं ठेवायला वाकले तर त्यानं ठेवू दिलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं आणि मी समजले नाही. तो म्हणाला, "घर का आदमी है, बेटी. कैसा समजता? हमे बी नै समजे थे." एवढंच. मी त्याला जे बोलले होते ते त्यानं कधी काढलं नाही.

शिमगा झाला. एका सकाळी थवे उत्तरेकडं निघाले, खूप उंचावरून, गावावरून. आमच्या तळ्यावर ते त्या शुक्रवारनंतर उतरलेच नव्हते. माझं पाखरू मोकळं होतं. मी पायाला दोरी पुन्हा लावली नाही, आणि अण्णानंही लावायला सांगितलं नाही, एवढी लाज त्याला होती. ते अंगणातून उठलं, हाका मारत वर वर गेलं. थव्यातून कुणी ओ दिली नाही. मी कान देऊन ऐकलं. ते जरा लांबपर्यंत मागं मागं गेलं, मग दिसेनासं झालं, आणि मी देवाचे आभार मानले. दुपारी ते परत आलं, कुडावर येऊन बसलं. हाड बसलं होतं, पंख चालत होता, चाचानं आणि मी आमचं काम केलं होतं. पण त्याच्या हाकेवर आता त्याचं कुणी येणार नव्हतं. मी ज्याला शब्द दिला होता त्याला मी बरं करून एकटं पाडलं.

चैत्रातलं ऊन त्याला सोसेना. चोच उघडी टाकून सावलीला बसायचं. चैत्राच्या अखेरीला एक दिवस ते कुडात नव्हतं. मी शिवार पालथं घातलं. कुत्र्यानं धरलं का उन्हानं गेलं, मला माहीत नाही. पिसंसुद्धा सापडली नाहीत. त्याच आठवड्यात अण्णाचा परवाना आला. खोटं कशाला बोलू, पुढच्या हंगामात डुकरं शेतात आली नाहीत, जोंधळा पुरा घरात आला.

वैशाखात माझं लग्न झालं, उदगीरकडं दिलं. गाडीत बसताना अण्णा माझ्या गळ्यात पडून रडला. खरं रडला. त्याचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या हाताचं वजन खांद्यावर पडलं आणि मी मनात म्हटलं, हा आत्ता कुणाला खूण करायलाय? असा विचार सख्ख्या भावाबद्दल यावा, यापेक्षा वाईट काय ते मला सांगा.

"पंचमीला तुला न्यायला मी सोता मुराळी येतो," तो म्हणाला. "गाडी जुंपून येतो."

मी म्हटलं, "येऊ नकोस."

त्याला वाटलं, रुसून म्हणायली. तो हसायला लागला. मी पुन्हा म्हटलं, "अण्णा, मी बोलावल्याबिगर तू माझ्या दारात येऊ नकोस." मग तो हसला नाही. बैलं चालायला लागली.

नागपंचमीला त्या गल्लीत नव्या सुना आम्ही चौघी होतो. सकाळपासून एकेकीचा भाऊ यायला लागला. कुणाची गाडी, कुणाचं घोडं, कुणी पायीच. सासू म्हणाली, तुझा भाऊ येईल की, वाट लांब आहे. मी म्हटलं, न्हाई येणार. आणि दुपारपर्यंत काही ना काही निमित्त काढून मी दारातच होते. पाणी ओतायला, तांदूळ निवडायला, रांगोळी पुसली म्हणून पुन्हा काढायला. दिवेलागण झाली तेव्हा सासूनं आत बोलावलं. अण्णा आला नाही. पुढच्या पंचमीलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या एवढ्या एका शब्दाला तो जागला.